तांबड्या मातीखालचे पूर्वज

जपानातील उत्खनन करणाऱ्या पंडितांचा एके काळी असा रिवाज होता, की खणता खणता तांबडी माती लागली की कुदळ बाजूला ठेवायची. वरची काळी माती माणसांची. तिच्यात खापरे निघत, शिंपल्यांचे ढीग निघत, चुलींची राख निघे. खालची तांबडी माती ज्वालामुखींच्या राखेची. ती राख आकाशातून कोसळत होती त्या युगात ह्या बेटांवर माणूस असणेच शक्य नाही, हे सर्वांनी गृहीत धरलेले. तेव्हा तांबडे दिसले की खड्डा बुजवायचा आणि घरी जायचे. ह्या समजुतीला पुरावा काय, असे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. कारण जिथे कोणी खणत नाही तिथे काही सापडत नाही, आणि जिथे काही सापडत नाही तिथे कोणी खणत नाही!

शाळेत आम्ही मुलांना सांगतो, की शास्त्राला देश नसतो. गणिताच्या तासाला ते खरे आहे. इतिहासाच्या तासाला मात्र तेच वाक्य उच्चारताना माझी जीभ जराशी अडखळते. पुराणवस्तुशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. खरे म्हणजे मॅट्रिकपुढची कोणतीच नाही. पण कादंबऱ्या लिहिण्याच्या नादापायी एक सवय जडली आहे. कोणी गोष्ट सांगू लागला, की त्याने काय सांगितले ह्यापेक्षा तो कुठे थांबला आणि काय सापडावे म्हणून आतुर झाला होता, इकडे माझे लक्ष आधी जाते. जपानने गेल्या दीडशे वर्षांत आपल्याच भूमीच्या पोटातून जी गोष्ट वर काढली, ती मी अशाच रीतीने वाचीत आलो आहे. आणि माझे मत असे झाले आहे, की त्या गोष्टीतील उत्तमोत्तम प्रकरणे आणि तिच्यातील लाजिरवाणी प्रकरणे एकाच हातची आहेत. जपानी माणूस मातीत नुसता भूतकाळ शोधत नाही. आपल्या घरची माणसे शोधतो.

गंमत अशी, की ह्या गोष्टीचा पहिला अध्याय परक्याने लिहिला. एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ साली समुद्रातील शिंपलेवजा जीवांचा अभ्यास करण्यासाठी जपानला आला. योकोहामाहून टोकियोला जाताना आगगाडीच्या खिडकीतून, ओमोरी स्थानकाजवळ, रुळांसाठी कापलेल्या टेकाडात त्याला शिंपल्यांचा पांढरा थर दिसला. त्याने तो खणला. निघालेल्या खापरांवर ओल्या मातीत दोरी दाबून उठवलेली नक्षी होती. दोरीच्या नक्षीला जपानी शब्द 'जोमोन', आणि त्यावरून पुढे हजारो वर्षांच्या एका अख्ख्या युगाला तेच नाव पडले. मोर्स एवढ्यावर थांबला असता तर बरे होते; पण हाडांवरच्या खुणा पाहून तो म्हणाला, की ही मंडळी माणसे खात असावीत. झाले! असल्या लोकांशी आपले नाते कसे असेल? जपानी विद्वानांत मग बरीच वर्षे वाद चालला तो हे ऐनूंचे पूर्वज, की ऐनूंच्याही आधीच्या कुणा बुटक्या जमातीचे, असा. 'आपले' असतील हा पक्ष दुबळाच राहिला.

कारण 'आपले' कोण, हे तेव्हा सरकारदरबारी ठरलेले होते. सूर्यदेवतेच्या वंशातील सम्राट जिम्मू इसवी सनापूर्वी ६६० साली गादीवर आला, आणि तेथून वंशवेल अखंड चालत आली. १९४० साली ह्या राज्यारोहणाची २६०० वर्षे देशभर साजरी झाली. त्याच वर्षी त्सुदा सोकिची ह्या इतिहासकाराच्या पुस्तकांवर बंदी आली. १९४२ साली न्यायालयाने त्याला दोषीही ठरवले. त्याचा गुन्हा एवढाच, की प्राचीन बखरींतील आरंभीच्या कथा म्हणजे घडलेला इतिहास नव्हे, असे त्याने लिहिले होते. अशा हवेत उत्खनन करणाऱ्या शहाण्या माणसाने काय करावे? त्याने खापरे मोजली. कोणती नक्षी आधीची, कोणती नंतरची, काठ किती वळलेला, दोरीचा पीळ उजवा की डावा. खापराच्या काठाबद्दल लिहिल्याने कोणी तुरुंगात जात नाही. जपानी उत्खननांतील ज्या अतिसूक्ष्म मोजमापांचे आज जगभर कौतुक होते, त्यांच्या मुळाशी जातिवंत कारागिरी आहे हे खरे. पण थोडी भीतीही आहे, असे मला वाटते.

मग १९४५ आले. जे राष्ट्र आपल्याला देवांचे वंशज म्हणवीत होते ते राखेच्या ढिगाऱ्यावर बसले. शिझुओका शहराजवळ तोरो येथे १९४३ साली विमानाच्या पंख्यांचा कारखाना उभारताना जुन्या वस्तीचे अवशेष दिसले होते. १९४७ पासून तेथे रीतसर खणायला सुरुवात झाली. लोकांना पोटभर अन्न नव्हते, तरी विद्यार्थी फावडी घेऊन आले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. निघाले काय? लाकडी फळ्यांनी बांध घातलेली भाताची खाचरे, शेतीची लाकडी अवजारे, धान्याची कोठारे. तलवारी नव्हेत, राजे नव्हेत. चिखलात उभे राहून भात लावणारी साधी माणसे. हरलेल्या देशाला नेमके असेच पूर्वज हवे होते. म्हणून ते खोटे ठरतात असे नव्हे. खाचरे खरीच होती. परंतु तीच खाचरे देशभराच्या डोळ्यांत पाणी का आणू शकली, ह्याचे उत्तर मातीत नाही.

त्याच सुमारास, गुन्मा प्रांतात, एक विशीतला तरुण सायकलवरून खेडोपाडी नात्तो विकीत हिंडत होता. नात्तो म्हणजे आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन. जपानी न्याहारीतील गरिबाचा पदार्थ. ह्या तरुणाचे नाव आयझावा तादाहिरो. लहानपणीच त्याचे घर मोडले होते, आईबाप वेगळे झाले होते. आदिमानवाचे कुटुंब चुलीभोवती एकत्र बसत असे, ही कल्पना त्याच्या मनाने बालपणीच धरली आणि पुढे सोडली नाही; आपल्या आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने सांगितले आहे. फेरीवर असताना इवाजुकु येथे रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत, थेट तांबड्या मातीत, त्याला १९४६ साली दगडाच्या धारदार कपच्या दिसल्या. पंडित जिथे थांबत तिथे ह्याचे सुरू झाले. त्याला कोणी थांबायला शिकवलेलेच नव्हते! १९४९ च्या उन्हाळ्यात काळ्या काचमण्याचे एक अखंड टोक त्याच्या हाती लागले. सायकल मारीत तो टोकियो गाठी आणि विद्वानांना आपले दगड दाखवी. त्याच वर्षी सप्टेंबरात मेइजी विद्यापीठाने तेथे उत्खनन केले आणि जपानात अश्मयुगाच्या पहिल्या पर्वातही माणूस होता हे सिद्ध झाले. आज त्यातील खालच्या थराचे वय तीस हजार वर्षांहून अधिक मानतात. श्रेय मुख्यतः गेले ते उत्खननाचे प्रमुख सुगिहारा सोसुके ह्यांच्याकडे. फेरीवाल्याच्या वाट्याला बराच काळ उपेक्षा आणि कुत्सित कुजबुज आली. जपानी विद्यापीठांतील गुरुशिष्यांची उतरंड आपल्या मठांतल्यासारखीच असते, आणि मडक्यांच्या उतरंडीत तळाशी कोण असते ते गृहिणींना सांगायला नको.

तेच १९४९ साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे, आणि येथे गोष्ट क्षणभर आपल्या अजिंठ्याला स्पर्श करते. नारा प्रांतातील होर्यु-जी मंदिराच्या भिंतींवर अतिप्राचीन बौद्ध चित्रे होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांशी त्यांचे नाते कलापंडितांनी वारंवार सांगितले आहे. अराई काम्पो हा चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आला, अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्याने तेथील चित्रे उतरवली. आणि उतारवयात होर्यु-जीच्या चित्रांच्या प्रती करता करताच तो १९४५ साली वारला. त्याच्या अजिंठ्याच्या प्रती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या, आणि होर्यु-जीची मूळ चित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी आगीत होरपळली. त्या धक्क्याने १९५० साली सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा झाला. जमिनीखाली पुरलेली संपत्तीही त्याच्या कक्षेत आली.

पुढे जपान श्रीमंत झाला. रस्ते, कारखाने, घरे ह्यांसाठी डोंगर कापले जाऊ लागले. नियम असा रूढ झाला, की जुन्या वस्तीच्या जागेवर बांधायचे तर आधी उत्खनन, आणि त्याचा खर्च बहुधा बांधणाऱ्याचा. त्यामुळे वर्षाकाठी हजारो उत्खनने होऊ लागली. खड्ड्यात बसून करणीने माती खरवडणारे हात पुष्कळदा शेजारच्या गावातील गृहिणींचे आणि निवृत्त शेतकऱ्यांचे. काम संपत आले की एक दिवस गावाला आवतण: या, बघा, आम्ही समजावून सांगतो. आणि लोक येतात! डबे घेऊन, आजीला, नातवंडांना घेऊन, रांगा लावून खड्डे बघतात. साधे भिंतीच्या पायाचे काळसर डाग बघायला घरदार लोटते, हे मी प्रथम वाचले तेव्हा मला त्या देशाचा हेवा वाटला, आणि अजूनही वाटतो. सागा प्रांतातील योशिनोगारी येथे कारखान्यांची वसाहत व्हायची होती. १९८९ साली तेथे खंदकांनी वेढलेली मोठी प्राचीन वस्ती निघाल्याची बातमी फुटली आणि काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसे लोटली. कारखाने रद्द झाले. आओमोरी प्रांतात सान्नाइ-मारुयामा येथे बेसबॉलचे मैदान बांधायला घेतले होते. १९९४ साली जोमोन काळातील, मीटरभर जाडीचे चेस्टनटचे सहा खांब रोवल्याचे खड्डे सापडले आणि मैदान थांबले. हे जनतेच्या प्रेमाने झाले, पंडितांच्या अर्जाने नव्हे.

मात्र प्रेमाला गोष्ट पुरी झालेली हवी असते. सान्नाइ-मारुयामाच्या सहा खड्ड्यांवर आज सहा प्रचंड खांबांचा तीन मजली मनोरा उभा आहे. त्याला छप्पर असावे की नसावे ह्यावर बराच वाद झाला, शेवटी बिनछपराचा उभारला. माझ्या दृष्टीने खड्डे हे संशोधन आहे आणि मनोरा ही कादंबरी आहे. कादंबरीला माझा विरोध असण्याचे कारण नाही, माझे पोट तिच्यावर भरत नसले तरी मन भरते. फक्त मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापावे. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात आणि 'हा रायगड' म्हणतात, तेव्हा त्यात खोटे काही नसते. कारण हळिवाच्या रोपांना जंगल समजायचे आहे हे आपण सगळेच जाणतो. मनोऱ्याखाली उभ्या राहिलेल्या जपानी मुलाला ते कोण सांगणार?

ह्या पार्श्वभूमीवर फुजिमुरा शिनिचीची कथा वाचावी. हाही आयझावासारखाच विद्यापीठाबाहेरचा माणूस. नोकरी सांभाळून सुट्टीत खणणारा. १९८१ च्या सुमारास मियागी प्रांतात त्याला चाळीस हजार वर्षांहून जुन्या थरांत हत्यारे सापडू लागली. मग लाख वर्षे, मग दोन लाख, मग पाच लाख. इतर दिवसभर खरवडून रिकाम्या हाताने उठत. फुजिमुरा आला की हत्यार निघालेच. लोक त्याच्या हाताला 'देवाचा हात' म्हणू लागले. १९९२ साली त्याला आयझावांच्याच नावाचा पुरस्कार मिळाला. उपेक्षित नात्तोवाल्याची भरपाई जणू ह्याच्या रूपाने होत होती. आयझावांचे काचमण्याचे टोक ज्यांनी आरंभी ओळखले त्या सेरिझावा चोसुके ह्यांचीही श्रद्धा, की जपानात ह्याहून पुष्कळ जुना माणूस सापडणारच. शाळेच्या पुस्तकांत हे शोध गेले. जिथे सापडले त्या गावांनी आदिमानवाच्या नावाची मिठाई आणि दारू काढली.

२००० सालच्या ऑक्टोबरात 'माइनिची शिम्बुन' ह्या वृत्तपत्राच्या बातमीदारांनी कामिताकामोरी येथे गुपचूप कॅमेरा लावला. पहाटे, कोणी नसताना, देवाचा हात खड्ड्यात दगड पुरीत होता. ५ नोव्हेंबरला छायाचित्रे पहिल्या पानावर आली. जपानच्या पुराणवस्तुसंशोधकांच्या संघाने नंतर एकेक जागा पुन्हा तपासली; २००३ साली अहवाल आला तेव्हा दीडशेहून अधिक ठिकाणे बाद झाली होती. तपासात असे दिसले, की ते दगड बहुतेक वरच्या थरांतले, जोमोन काळातले. कित्येकांवर लोखंडाच्या गंजाच्या रेघा होत्या, शेतकऱ्याच्या अवजाराने ओरखडून उमटलेल्या. पाच लाख वर्षांपूर्वीच्या दगडावर लोखंडी फाळाची रेघ! ती साध्या भिंगातून दिसत होती. पीळ उजवा की डावा हे पाहणाऱ्या डोळ्यांना ती वीस वर्षे दिसली नाही.

अगदीच कोणी बोलले नाही असे नव्हे. ओदा शिझुओ आणि चार्ल्स कीली ह्या दोघांनी १९८६ सालीच लेख लिहून ह्या हत्यारांवर शंका घेतली होती. त्या लेखाला उत्तर मिळाले नाही. नुसते मौन मिळाले. ह्याचे कारण सांगताना 'जपानी स्वभाव' असा शब्द वापरून लोक मोकळे होतात, ते मला पटत नाही. स्वभाव आकाशातून पडत नाही. इंग्लंडमध्ये पिल्टडाउनची बनावट कवटी १९१२ ते १९५३, चांगली एकेचाळीस वर्षे, विद्वानांच्या मांडीवर खेळत होती. तिथेही लोकांना 'पहिला इंग्रज' हवाच होता. भेद आहे तो सवयींत. जपानात उत्खनन हा एका चमूचा संसार असतो. एकत्र राहणे, एकत्र जेवणे, वडीलधाऱ्याने जुळवलेली माणसे. सहकाऱ्याच्या दगडावर भिंग धरणे म्हणजे त्याच्या पानातला भात हुंगून पाहण्यासारखे. ज्या मायेने गृहिणी उन्हात बसून माती चाळतात, त्याच मायेने ही मंडळी गप्प राहिली. आणि घरातली ही माया एकदा फाटली, की पुढे संशयाला धरबंध राहिला नाही. २००१ साली एका साप्ताहिकाने क्यूशू बेटावरील एका वृद्ध प्राध्यापकावर, काही संबंध नसताना, तसाच बनावटीचा ठपका सुचवला. त्याने आपण निर्दोष असल्याचे लिहून ठेवून जीव दिला. न्यायालयाने पुढे साप्ताहिकाला दोषी धरले, एवढेच.

आता त्या घराच्या देवघराकडे वळू. चाव्यांच्या भोकासारख्या आकाराच्या प्रचंड समाध्या, ज्यांना कोफुन म्हणतात, जपानभर पसरलेल्या आहेत. त्यांतील जेवढ्या राजघराण्याच्या मानल्या जातात, त्यांचा कारभार राजगृह विभाग पाहतो. लहानमोठ्या मिळून अशा सुमारे नऊशे समाध्या आणि तत्सम जागा त्याच्या ताब्यात आहेत. तेथे दाराशी पाटी असते: उगाच आत शिरू नये, मासे-पाखरे धरू नयेत, बांबू-झाडे तोडू नयेत. विभागाचे म्हणणे सरळ आहे. ही पुराणवस्तू नव्हे. आमच्या वाडवडिलांची थडगी आहेत, आजही येथे पूजाविधी होतात, त्यांची शांतता मोडू नये. ह्या भावनेचा मी अनादर करणार नाही. अडचण पुढेच आहे. कोणती समाधी कोणत्या सम्राटाची हे बहुतांशी एकोणिसाव्या शतकापर्यंत जुन्या पोथ्यांवरून ठरवले गेले, आणि ते ठरवणे कित्येक ठिकाणी चुकले असावे असे विद्वान म्हणतात. सम्राट केइताइची अधिकृत समाधी कुलूपबंद आहे. पण संशोधकांच्या मते त्याची खरी समाधी ताकात्सुकी शहरातील इमाशिरोझुका. ती यादीत नसल्यामुळे सुखेनैव खणता आली! तेथे मातीच्या बाहुल्यांची, घरांची, प्राण्यांची अख्खी मिरवणूक निघाली. २०११ पासून ते उद्यान झाले आहे, आणि बहुधा खऱ्याखुऱ्या सम्राटाच्या उशाशी मुले पळापळी खेळतात. सम्राटालाही तेच आवडत असावे.

वाडवडिलांची शांतता मोडू नये हे तत्त्व ह्याच देशात सर्वांच्या वाडवडिलांना लागू झाले असते, तर मी वर लिहिलेले पुष्कळसे हसून सोडून दिले असते. होक्काइडोतील ऐनू हे त्या बेटाचे मूळ रहिवासी. १९३० च्या दशकापासून होक्काइडो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ऐनूंची स्मशाने उकरली; हजाराहून अधिक माणसांचे अवशेष पेट्यांत जमा केले. का? तर जपानी कोण आणि कोण नव्हे ह्याचा निवाडा कवट्यांवरून करायचा होता. मोर्सच्या वेळी सुरू झालेला तो जुनाच प्रश्न. कोणाचे डोके कोणत्या धडाचे, ह्याचीही नोंद पुष्कळदा राहिली नाही. वारसांना न्यायालयात जावे लागले. २०१६ च्या जुलैत, तडजोडीनंतर, बारा जणांचे अवशेष उराकावा येथील मूळ गावी परतले आणि पुन्हा मातीत ठेवले गेले. इतर अनेकांसाठी शिराओई येथे सरकारने स्मारक बांधले आहे. पुष्कळ ऐनूंना तो नवा बंगला नको, जुने गाव हवे आहे. एका घराच्या पूर्वजांसाठी खंदक आणि पाटी, दुसऱ्याच्या पूर्वजांसाठी पेटी आणि क्रमांक. येथे मात्र मला जपानी उत्खननाची ती विख्यात नजाकत आठवून काही उपयोग होत नाही.

सर्वांत मोठी समाधी साकाई शहरात आहे. तिला दाइसेन म्हणतात. सरकारी नाव सम्राट निन्तोकुची समाधी. लांबी आजवर ४८६ मीटर सांगत, पाण्याखालचा भाग मोजल्यावर ती सव्वापाचशेवर गेली. तीन खंदक, मध्ये दाट झाडी. २०१९ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली ती 'निन्तोकु' ह्या नावानेच, आणि आत कोण आहे हे ठाऊक नसताना नाव कसे लावता, असे विद्वानांच्या संस्थांनी जाहीरपणे विचारले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या शरद ऋतूत, एक नवी गोष्ट घडली. राजगृह विभागाने प्रथमच बाहेरच्यांना, म्हणजे साकाईच्या नगरपालिकेच्या माणसांना, आपल्याबरोबर खणायला घेतले. मुख्य टेकडीवर नव्हे. आतल्या खंदकापलीकडच्या बांधावर, काही अरुंद चर. चरांत खाली गोटे अंथरलेली जमीन निघाली, आणि तिच्यावर मातीच्या नळकांड्यांची एकमेकींना जवळजवळ चिकटून उभी केलेली रांग. वरचे भाग तुटलेले, बुंधे जागच्या जागी. बघून, मोजून, चित्रे काढून झाल्यावर ते चर पुन्हा बुजवण्यात आले.